मुलुंडचा रेणू आणि वाढीचे संप्रेरक

माणसाची उंची, हाडांची लांबी आणि स्नायूंचा भरणा ज्या संप्रेरकावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, ते वाढीचे संप्रेरक म्हणजे १९१ अमिनो आम्लांची साखळी असलेले एक प्रथिन असून, मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीच्या पुढील भागात ते तयार होते आणि दिवसभर सारख्या प्रमाणात न वाहता ठराविक अंतराने, विशेषतः गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यात, रक्तात सोडले जाते. ते केव्हा आणि किती सोडावे हा आदेश पेशीच्या बाहेरून आत कसा पोहोचतो, या प्रश्नाचा उलगडा करताना गेली चार दशके जगभरच्या प्रयोगशाळांत एक विशिष्ट रेणू हाताशी ठेवला जातो. फोर्सकोलिन हे त्याचे नाव. त्याचा शोध मुंबईच्या पूर्व उपनगरात, मुलुंड येथील एका औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात लागला, ही गोष्ट जीवरसायनशास्त्राच्या बाहेर, आणि खुद्द मुलुंडमध्येही, फारशी कोणाला ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबईची उपनगरे ही देशातील औषध उद्योगाची मोठी भूमी होती, आणि त्या उद्योगाने कारखान्यांबरोबर मूलभूत संशोधनाचीही काही केंद्रे उभारली. १९६३ साली गोरेगाव येथे स्विस कंपनी सिबाचे संशोधन केंद्र सुरू झाले, त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतिजन्य रसायनांवर नाव मिळवलेले टी. आर. गोविंदाचारी त्याचे प्रमुख झाले. के. नागराजन यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी तेथे केलेल्या कामातून सिंटॅमिल या नावाने बाजारात आलेले नैराश्यावरील नायट्रॉक्साझेपिन आणि आमांशावरील सॅट्रानिडॅझोल ही औषधे निर्माण झाली. भारतात रेणूची कल्पना करण्यापासून रुग्णाच्या हाती गोळी पडेपर्यंतचा सारा प्रवास ज्यांच्या वाट्याला आला, अशी औषधे आजही मोजकीच आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे गोरेगावच्या त्या केंद्राचे मोल कळते. मुलुंडचे केंद्र जर्मन कंपनी हेक्स्टचे होते, आणि त्याने वेगळी वाट धरली: भारतीय वनस्पतींचे अर्क काढून त्यांची प्राण्यांवर पद्धतशीर तपासणी करायची आणि ज्या अर्कात निश्चित परिणाम दिसेल त्यातला कर्ता रेणू शोधून काढायचा.

ही वाट सांगायला सोपी आहे, चालायला अतिशय कष्टाची. मुळे, साल किंवा पाने वाळवून, कुटून, विद्रावकात मुरवून जो अर्क मिळतो त्यात शेकडो पदार्थ एकत्र असतात. त्याचे अंश करावे लागतात, प्रत्येक अंश पुन्हा प्राण्यांवर तपासावा लागतो, गुण ज्या अंशात उतरला असेल तो पुन्हा विभागावा लागतो, आणि असे करत अखेरीस एकच शुद्ध, स्फटिकरूप पदार्थ उरेपर्यंत थांबता येत नाही. या क्रमात रसायनशास्त्रज्ञ आणि औषधक्रियाशास्त्रज्ञ, म्हणजे औषधाचा शरीरावरील परिणाम मोजणारा अभ्यासक, यांना रोज एकमेकांवर विसंबून राहावे लागते, कारण कोणता अंश पुढे न्यायचा हे रसायनशास्त्रज्ञाला स्वतःच्या काचपात्रात दिसत नाही आणि अंश पुरेसा शुद्ध आहे की नाही हे दुसऱ्याला रक्तदाबाच्या आलेखावरून कळत नाही. मुलुंडच्या केंद्रात हे दोन्ही विभाग एकाच छपराखाली होते. त्या केंद्राच्या यशाचे खरे कारण येथेच शोधले पाहिजे. भारतातील वनस्पतींची विपुलता हे कारण त्यानंतरचे, कारण ती विपुलता तर सर्वांनाच उपलब्ध होती.

ज्या वनस्पतीने हे यश दिले तिचे शास्त्रीय नाव कोलियस फोर्सकोली. अनेक मराठी घरांच्या खिडकीत कुंडीत वाढणाऱ्या पानओव्याच्या वंशातीलच ही वनस्पती असून कोरड्या, उन्हाळ डोंगरउतारांवर ती उगवते. गुजरातीत तिला गरमर म्हणतात आणि तिच्या मांसल मुळांचे लोणचे घालतात, त्यामुळे मुंबईतील गुजराती घरांना तिची ओळख औषध म्हणून नव्हे तर ताटातला पदार्थ म्हणून आहे. तिच्या नावातला फोर्सकोल म्हणजे अठराव्या शतकातील निसर्गअभ्यासक पेटर फोर्सकोल, जो अरबस्तानच्या मोहिमेत १७६३ साली येमेनमध्ये मरण पावला. मुलुंडच्या तपासणीत या वनस्पतीच्या मुळांचा अर्क रक्तदाब उतरवणारा आणि त्याच वेळी हृदयाच्या आकुंचनाचे बळ वाढवणारा ठरला. हे दोन गुण एकत्र येणे लक्षणीय होते. हृदयाला जोर देणारी जी औषधे तेव्हा वापरात होती ती एक तर डिजिटॅलिसच्या कुळातील होती किंवा ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचे अनुकरण करणारी होती, आणि हा पदार्थ दोन्हींपैकी कोणत्याच गटात बसत नव्हता.

१९७७ साली ‘टेट्राहेड्रॉन लेटर्स’ या नियतकालिकात सुजाता भट, बी. एस. बाजवा, एच. डोर्नाउअर, नोएल डिसोझा आणि एच. डब्ल्यू. फेल्हाबर यांच्या नावाने या रेणूची रचना प्रसिद्ध झाली. तो लॅबडेन वर्गातील डायटर्पीन आहे, म्हणजे वीस कार्बन अणूंचा सांगाडा असलेले वनस्पतिजन्य संयुग, ज्याला पुढे ॲसिटिक आम्लाचा एक अंश जोडलेला आहे. त्याचे सूत्र बावीस कार्बन, चौतीस हायड्रोजन आणि सात ऑक्सिजन असे आहे. तीन वलये एकमेकांना जोडलेल्या या सांगाड्यावर ऑक्सिजन असलेले गट दाटीने बसलेले असून त्यांची दिशा ठरावीक आहे, आणि ही दिशा ठरवणे हे रचनानिश्चितीतील अवघड काम होते. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही याच वनस्पतीवर काम करत होते आणि त्यांनी आपल्या पदार्थाला कोलिओनॉल असे नाव दिले होते. एका कार्बनवरील गटाच्या दिशेबाबत दोन्ही रचनांत फरक दाखवलेला होता, परंतु पुढे ते दोन्ही पदार्थ एकच असल्याचे मान्य झाले. मुलुंडच्या गटाने १९८० साली याच कुळातील इतर वनस्पतीही तपासून पाहिल्या, तेव्हा फोर्सकोलिन या एकाच जातीत आढळले. पानओव्यात ते नाही.

१९८३ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये आलेला भट, दोहादवाला, बाजवा, दाडकर, डोर्नाउअर आणि डिसोझा यांचा लेख हा औषधी रसायनशास्त्र या विद्येचा उत्तम नमुना आहे. या विद्येचे काम असे की, एका रेणूचा एकेक भाग बदलून कोणत्या भागावर गुण अवलंबून आहे आणि कोणता भाग बदलला तरी चालतो, याचा नकाशा तयार करायचा. त्यांनी फोर्सकोलिनमधील हायड्रॉक्सिल गट एकेक करून झाकले, काढले, त्यांच्या जागी दुसरे गट बसवले आणि प्रत्येक नव्या संयुगाचा रक्तदाबावरील व हृदयावरील परिणाम मोजला. या आणि नंतरच्या अभ्यासांतून चित्र स्पष्ट झाले ते असे की, पहिल्या आणि नवव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटांना हात लावला तर रेणूचा गुण जवळजवळ जातो, सहाव्या आणि सातव्या कार्बनवर मात्र बदल करण्यास बराच वाव आहे. हा निष्कर्ष किती दूरवर उपयोगी पडणार होता हे तेव्हा कोणाला दिसणे शक्य नव्हते.

रेणू सापडला, रचना कळली, परंतु तो पेशीत नेमके काय करतो हे उलगडले १९८१ साली. हेक्स्टच्या जर्मनीतील प्रयोगशाळेत मेट्झगर आणि लिंडनर यांनी, तसेच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केनेथ सीमन, विल्यम पॅजेट आणि जॉन डेली यांनी दाखवून दिले की, फोर्सकोलिन ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चेतवते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन. हे विकर पेशीच्या आवरणात बसलेले असते आणि ऊर्जावाहक एटीपीपासून सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू बनवते. अनेक संप्रेरके पेशीच्या आत शिरत नाहीत. ती बाहेरच्या बाजूस असलेल्या ग्राहीला, म्हणजे त्यांना ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात, ग्राही आतील बाजूच्या जी-प्रथिनाला जागे करतो, जी-प्रथिन या विकराला चेतवते आणि मग सायक्लिक एएमपी पेशीच्या आत पुढची सूत्रे हलवते. या मध्यस्थ रेणूच्या शोधासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ साली आणि जी-प्रथिनांसाठी आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फोर्सकोलिनचे वेगळेपण असे की, त्याला ग्राहीची गरज लागत नाही. संप्रेरक, ग्राही हे सारे टप्पे वगळून ते शेवटच्या विकरालाच हात घालते, आणि धुऊन काढले की परिणाम ओसरतो. कोणत्याही जातीच्या पेशीत सायक्लिक एएमपी हवे तेव्हा वाढवण्याचे इतके स्वच्छ साधन त्यापूर्वी जीवशास्त्रज्ञांकडे नव्हते.

वाढीच्या संप्रेरकाच्या अभ्यासाला हे साधन अगदी योग्य वेळी मिळाले. मानवी वाढीचे संप्रेरक चोह हाओ ली यांनी १९५६ साली वेगळे केले होते, मृतांच्या पीयूषिका ग्रंथींतून ते काढून खुज्या मुलांना देण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली होती, परंतु ग्रंथीला ते सोडायला लावणारा मेंदूतील संदेश हाती येत नव्हता. सोडणे थांबवणारे सोमॅटोस्टॅटिन हे चौदा अमिनो आम्लांचे पेप्टाइड १९७३ साली रॉजर गिलमां यांच्या प्रयोगशाळेत सापडले. सोडायला लावणारे संप्रेरक मिळायला मात्र १९८२ साल उजाडले, आणि तेही मेंदूतून नव्हे, तर स्वादुपिंडाच्या अशा गाठींतून, ज्या हे पेप्टाइड अतोनात तयार करत होत्या आणि त्यामुळे रुग्णांना ॲक्रोमेगली, म्हणजे प्रौढपणी हातपाय व जबडा वाढत जाण्याचा विकार, झाला होता. आता प्रश्न होता की हे दोन परस्परविरोधी संदेश पेशीच्या आत कोठे भेटतात. उंदरांच्या पीयूषिका पेशी काचपात्रात वाढवून त्यांच्यावर फोर्सकोलिन टाकले असता मेंदूचा संदेश नसतानाही सायक्लिक एएमपी वाढले आणि वाढीचे संप्रेरक बाहेर पडले. सायक्लिक एएमपी ही केवळ सोबत घडणारी घटना नसून संप्रेरक सोडवण्यास ती स्वतःच पुरेशी आहे, हे यातून कळले. प्रेरक पेप्टाइड विकराला चेतवते आणि सोमॅटोस्टॅटिन दुसऱ्या जातीच्या जी-प्रथिनामार्फत त्यालाच आवरते, असे भेटीचे ठिकाण निश्चित होत गेले.

या ज्ञानाचा रुग्णांशी संबंध फार लवकर स्पष्ट झाला. १९८७ साली इटलीतील संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की, ॲक्रोमेगली घडवणाऱ्या पीयूषिकेच्या काही गाठींत ॲडेनिलेट सायक्लेज कायम चेतलेले असते, आणि पुढे त्याचे कारण जी-प्रथिनाच्या जनुकातील बदलात सापडले. अशा गाठींपैकी सुमारे चाळीस टक्क्यांत हा बदल आढळतो. फोर्सकोलिन काचपात्रात जे काही मिनिटांसाठी घडवते, तेच या रुग्णांच्या ग्रंथीत वर्षानुवर्षे चालू असते. ही तुलना वैद्यकाच्या विद्यार्थ्याला एकदा समजली की या विकाराची यंत्रणा त्याला वेगळी शिकवावी लागत नाही.

उपचारासाठी सोमॅटोस्टॅटिन वापरता येईल हे उघड होते, पण नैसर्गिक पेप्टाइड रक्तात दोन-तीन मिनिटांत नाहीसे होते. म्हणून सँडोझ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी आठ अमिनो आम्लांचे, टिकाऊ घडणीचे ऑक्ट्रिओटाइड तयार केले. अशा कोणत्याही नव्या रेणूची परीक्षा घेताना एक अडचण येते: आवर घालणारे औषध तपासायचे, तर आधी आवरण्याजोगे काहीतरी वाढलेले हवे. म्हणून पेशीत प्रथम फोर्सकोलिन टाकून सायक्लिक एएमपी वाढवायचे आणि मग नवे औषध त्यात किती घट करते हे मोजायचे, ही पद्धत रूढ झाली, आणि सोमॅटोस्टॅटिन, अफू, कॅनाबिस, डोपामिन अशा अनेक ग्राहींवरील औषधे आजही याच पद्धतीने तपासली जातात. गोरेगावात मुख्यालय असलेल्या सन फार्माने तयार केलेल्या ऑक्ट्रिओटाइडच्या पेनस्वरूपातील इंजेक्शनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली मान्यता दिली. या ग्राहीवरील औषधांच्या कसोटीची पद्धत ज्या रेणूवर उभी आहे तो मुलुंडचा, हा योग उपनगराने अभिमानाने सांगावा असा आहे.

फोर्सकोलिनचा उपयोग पेशी चेतवण्यापुरता राहिला नाही. ॲडेनिलेट सायक्लेज पेशीत अत्यल्प प्रमाणात असते आणि इतर हजारो प्रथिनांतून त्याला वेगळे करणे जवळजवळ अशक्य मानले जात होते. येथे मुलुंडचा १९८३ चा नकाशा ज्या दिशेकडे बोट दाखवतो तीच दिशा उपयोगी पडली. सातव्या कार्बनवर बदल केला तरी गुण टिकतो, म्हणून त्याच जागी दुवा जोडून रेणू बारीक मण्यांवर बांधता आला, आणि अशा मण्यांच्या स्तंभातून पेशीचा अर्क सोडला असता विकर तेवढे अडकून राहिले. या रीतीने शुद्ध केलेल्या विकराच्या आधारे १९८९ साली त्याचे जनुक हाती आले. १९९७ साली विकराच्या क्रियाशील भागाचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याची त्रिमितीय रचना पाहण्यात आली, तेव्हाही विकराचे दोन भाग एकत्र धरून ठेवण्यासाठी फोर्सकोलिनच वापरले होते, आणि त्या चित्रात ते दोन भागांच्या मधल्या खाचेत बसलेले दिसते. वीस वर्षांपूर्वी मुळांच्या अर्कातून काढलेला पदार्थ आपल्या लक्ष्याच्या नेमक्या कोणत्या जागी बसतो हे अणूंच्या पातळीवर पाहायला मिळणे, हे वनस्पतिरसायनशास्त्राच्या इतिहासात थोड्या रेणूंच्या नशिबी आले आहे.

असे असूनही फोर्सकोलिन स्वतः मोठे औषध झाले नाही, आणि त्याची कारणे त्याच्या गुणातच आहेत. जो रेणू जवळजवळ प्रत्येक पेशीत सायक्लिक एएमपी वाढवतो त्याला शरीरात एकाच अवयवापुरते बांधून ठेवता येत नाही. शिवाय तो पाण्यात फारसा विरघळत नाही. सहाव्या कार्बनवर पाण्यात विरघळणारा गट जोडून जपानच्या निप्पॉन कायाकू कंपनीने कोल्फोर्सिन डॅरोपेट तयार केले आणि तीव्र हृदयविफलतेसाठी ते जपानमध्ये १९९९ साली वापरात आले. तेथेही बदलाची जागा मुलुंडच्या नकाशातलीच होती. आज वजन घटवण्याच्या नावाखाली फोर्सकोलिनच्या कुप्या सर्रास विकल्या जातात, त्याला मात्र भक्कम वैद्यकीय आधार नाही, आणि मुळांच्या मागणीमुळे रानातील झाडे उपटली जातात हा त्यातला दुहेरी तोटा आहे.

त्याच केंद्रातील दुसऱ्या एका धाग्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. डायसॉक्सिलम बायनेक्टारीफेरम या वृक्षापासून मुलुंडच्या गटाने रोहिटुकिन हे संयुग वेगळे केले, १९८८ साली त्याची रचना व संश्लेषण प्रसिद्ध केले आणि त्याच्या सांगाड्यात बदल करत फ्लॅव्होपिरिडॉल तयार केले. पेशींचे विभाजन घडवणाऱ्या सायक्लिनावलंबी कायनेज नावाच्या विकरांना रोखणाऱ्या रेणूंपैकी माणसांवरील चाचणीत उतरलेला हा पहिला रेणू. ल्युकेमियासाठी त्यावर दीर्घकाळ चाचण्या झाल्या. त्यानंतर त्याच विकरांना रोखणारी इतर औषधे स्तनाच्या कर्करोगावर रुळली, आणि त्या वर्गाचा आरंभबिंदू म्हणून या रेणूचे नाव औषधशास्त्राच्या पुस्तकांत येते. एकाच केंद्रातून दहा-बारा वर्षांत असे दोन रेणू निघणे ही योगायोगाची गोष्ट मानता येत नाही.

सुजाता भट पुढे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन आणि संशोधन करत राहिल्या, आणि नागसंपगी व शिवकुमार यांच्यासह त्यांनी लिहिलेला नैसर्गिक संयुगांच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ विद्यापीठांत वापरला जातो. हेक्स्टचे मुलुंडचे केंद्र १९९८ साली निकोलस पिरामलकडे गेले. गोरेगावचे सिबाचे केंद्र त्याआधीच थांबले होते. उपनगरांतील औषध कारखान्यांच्या जमिनींवर आता निवासी इमारती आणि व्यापारी संकुले उभी आहेत, आणि येथे एकेकाळी कोणते काम झाले हे सांगणारी साधी पाटीही सहसा दिसत नाही.

विद्यापीठांतील संशोधनाची नोंद प्रबंधांत तरी राहते. कंपन्यांच्या प्रयोगशाळांचे तसे होत नाही. लेखांत निष्कर्ष छापले जातात, परंतु कोणता अर्क का टाकून दिला, कोणत्या डोंगरावरून मुळे आणली, रसायन विभागाने आणि औषधक्रिया विभागाने एकमेकांशी कसे वाद घातले, हे फक्त प्रयोगवह्यांत आणि माणसांच्या स्मरणात असते. सिबा आणि हेक्स्टच्या केंद्रांत काम केलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या, तंत्रज्ञांच्या आणि प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांच्या आठवणी मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेने आणि उपनगरांतील महाविद्यालयांनी वेळ न दवडता ध्वनिमुद्रित कराव्यात. मुलुंड, ठाणे, गोरेगाव, बोरिवली येथील ज्या घरांत अशा वह्या, छायाचित्रे किंवा जुने अहवाल असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावेत.